पाय आत न घेणारं कासव (गीता २.५८)



आजचा श्लोक दुसऱ्या अध्यायातला ५८वा. थोडी उजळणी करतो. ५४व्या श्लोकात अर्जुन विचारतो की स्थितप्रज्ञ माणूस ओळखायचा कसा, तो बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा. ५५ पासून अध्याय संपेपर्यंत, म्हणजे ७२व्या श्लोकापर्यंत, भगवंत त्याचं उत्तर देतात. या अठरा श्लोकांत नाव घेऊन एकच प्राणी येतो. हत्ती नाही, सिंह नाही, गरुड नाही. कासव.

अर्थ आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. कासव जसं चारी बाजूंनी अंग आत घेतं, तशी ज्याला इंद्रियं विषयांवरून मागे घेता येतात, त्याची बुद्धी ठिकाणावर आहे. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, त्याच्या पाठीला हात लावून आपण आत जातो. आजीने तेव्हा सांगितलेलं असतं की बाळा, आत जाताना मन असं गोळा करून जायचं.

हा श्लोक आमच्या पिढीने मात्र फार सोयीस्कर करून घेतलाय असं मला वाटतं. इंद्रियं आवरायची म्हणजे काय, तर मोबाइल सायलेंट करायचा, महिनाभर इन्स्टाग्राम काढून टाकायचं, एकादशीला बाहेरचं खायचं नाही. हे सगळं चांगलंच आहे, मीही करतो. पण त्यात कासव म्हणजे नुसतं एक बंद पडलेलं कवच होतं. माझं हे वाचन बदललं ते एका खऱ्या कासवामुळे. आणि गंमत अशी की त्या कासवाला पाय आत घेताच येत नाहीत.

रत्नागिरीहून पावस, पावसच्या पुढे पूर्णगड, आणि पूर्णगडची खाडी ओलांडली की गावखडी. लांबलचक वाळू, मागे सुरूचं बन. नोव्हेंबर ते मार्च या काळात इथे ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाच्या माद्या रात्री अंडी घालायला वर येतात. आपल्या जिल्ह्यात वेळास, आंजर्ले, गुहागर, मालगुंड अशा बऱ्याच किनाऱ्यांवर येतात. वेळासला हे संवर्धनाचं काम २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन सुरू केलं. त्याआधी सापडलेली अंडी खाल्ली जायची, विकली जायची. आज वन विभागाच्या देखरेखीखाली गावोगावचे कासवमित्र हे काम करतात. गेले तीन हंगाम मी सुट्टीच्या दिवशी गावखडीला मदतीला जातो. मदत म्हणजे काय, तर पाट्या उचलणं, कुंपणाची जाळी बांधणं, वहीत नोंदी करणं, आणि बराच वेळ काहीही न करणं. हे शेवटचं सगळ्यात कठीण.

जमिनीवरचं किंवा तळ्यातलं कासव मान आणि पाय कवचात घेतं, ते आपण पाहिलंय. समुद्री कासवाला ते जमत नाही. त्याच्या पायांची वल्ही झालेली असतात, लांब आणि कायमची बाहेर. संकट आलं तरी मान बाहेर, वल्ही बाहेर. हे मला तिथल्या एका काकांनी पहिल्याच रात्री सांगितलं. काका मूळचे मच्छीमार, आता कासवमित्र. माझ्या डोक्यात एकदम ५८वा श्लोक आला आणि मी म्हणालो, "काका, गीतेत तर कासव अंग आवरतं म्हणतात." काका वाळूतला माग बघत होते. मान वर न करता म्हणाले, "हिला न्हाय येत आवरायला. म्हणून आपण आवरायचं."

पुढचे तीन हंगाम मी या एका वाक्यावर काढले असं म्हटलं तरी चालेल.

कारण हे काम शिकायचं म्हणजे मुख्यतः हात, डोळे आणि पाय आवरायलाच शिकायचं. मादी पाण्यातून वर येताना दिसली की जिथे असाल तिथे बसायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही, टॉर्च लावायचा नाही. तिला धोका वाटला तर ती अंडी न घालताच माघारी वळते. ती वर येते, जागा शोधते आणि मागच्या वल्ह्यांनी दीड-एक फूट खोल खड्डा करते. त्या वल्ह्यांची सफाई बघावी. डोळ्यांना दिसत नसलेल्या जागी ती एकेक मूठ वाळू काढते आणि बाजूला ठेवते. मग शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि सगळ्या अंगाने डावी-उजवीकडे डोलत वाळू ठोकून बसवते. चाळीसेक किलोचा जीव वाळूवर ठुमकत असतो. बहुतेक तासाभराच्या आत सगळं आटोपून ती पाण्याकडे जाते. वळून बघत नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी येत असतं, त्याला लोक रडणं म्हणतात. खरं तर अंगातलं जादा मीठ ती डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून बाहेर टाकत असते. पण अंधारात तीन हातांवर बसून ते बघताना हे ज्ञान फारसं उपयोगी पडत नाही, एवढं सांगतो.

ती गेली की मग हात लावायचा. भरतीचं पाणी, कुत्री आणि कोल्हे यांच्यापासून अंडी वाचवायला ती कुंपणातल्या हॅचरीत हलवतात. तिथेही नियम आहे. घातल्यावर पहिल्या काही तासांतच हलवायची, आणि अंडं जसं होतं तसंच उचलायचं, वरची बाजू वर. कारण आतला गर्भ वरच्या बाजूला कवचाला चिकटतो, मग अंडं फिरवलं की तो मरतो. खड्डा तिने केला तेवढाच खोल, तसाच सुरईसारखा, तळाला रुंद आणि वर अरुंद. आपली अक्कल चालवायची नाही. वाळूचं तापमान ठरवतं की आत नर होणार की मादी. ऊब जास्त असेल तर माद्या, कमी असेल तर नर, आणि फार तापली तर काहीच नाही. म्हणून उन्हाळा चढला की वर सावलीची जाळी येते. घरटं शक्य तिथे मूळ जागीच राखावं, उचलूच नये, असाही विचार आता पुढे येतो आहे. म्हणजे जाणकारसुद्धा हेच बघतायत की आपला हात अजून किती मागे घेता येईल.

मग पंचेचाळीस ते साठ दिवस वाट. प्रत्येक घरट्यावर पाटी असते, तिच्यावर तारीख आणि अंड्यांची संख्या. दिवस भरत आले की वर टोपली ठेवतात. काका रोज पहाटे टोपल्या उचलून बघतात आणि परत ठेवतात. मी एकदा विचारलं, "खाली काय चाललंय ते थोडं उकरून बघायचं नाही का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परत विचारलं नाही.

आता ज्या सकाळीबद्दल सांगायचं होतं ती सांगतो. मागच्या हंगामातला मार्च महिना. एका घरट्यातून सत्तरेक पिल्लं वर आली होती. चार-पाच सेंटिमीटरची, काळपट, चिमटीत मावतील एवढी. पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडली. दोरीच्या मागे पन्नास-साठ माणसं होती, पुण्या-मुंबईची बरीच. पिल्लं समुद्राकडे निघाली, लाटेने उचलून नेली, सगळे खूश. एक मागे राहिलं. चार पावलं चालायचं आणि थांबायचं. लोकांची चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, "अहो, ठेवा ना उचलून पाण्यात, मरेल ते." दोरीला धरून उभी असलेली आठ-नऊ वर्षांची एक मुलगी रडायलाच लागली. "आजोबा, मी ठेवू का? हळूच ठेवीन."

काका तिच्याजवळ गेले, उकिडवे बसले आणि म्हणाले, "नको गो बाय. हात नको लावूस. त्याचं त्याला चालूं दे. चाललं तर त्याच्या अंगात जोर येईल, मग पोहेल."

आणि मग त्यांनी एक गोष्ट केली. पिल्लाच्या पुढे, समुद्राच्या बाजूला, आदल्या संध्याकाळी लोकांनी चालून केलेले पावलांचे खड्डे होते. आपल्या लेखी ते साधे ठसे, पण चार सेंटिमीटरच्या जिवाला त्या विहिरी. काका त्या वाटेवर पुढे गेले आणि हाताच्या तळव्याने एकेक खड्डा बुजवत, वाळू सपाट करत पाण्यापर्यंत गेले. पिल्लाला बोटसुद्धा लावलं नाही. नंतर बाजूला होऊन उभे राहिले.

वीस मिनिटं लागली. पहिल्या लाटेने ते उलटंपालटं करून परत आणून टाकलं. दुसऱ्या लाटेनेही. तिसऱ्या लाटेनंतर वाळूवर काही नव्हतं. ते जगलं का? मला माहीत नाही, कुणालाच कळणार नाही. हजारातलं एखादंच मोठं होतं असं या क्षेत्रात म्हणतात. मोठं व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि मादी असेल तर ती अंडी घालायला बहुधा याच पट्ट्यात परत येईल. तेव्हा काका कदाचित नसतील.

घरी येऊन मी ज्ञानेश्वरी उघडली. याच श्लोकावर माउलींची जी ओवी आहे तिच्यात, मंडळी, एक फार सुंदर भर आहे. गीतेतलं कासव फक्त आत घेतं. माउलींचं कासव आधी पसरतं. खुशीत असलं की अवयव पसरतं, आणि मनात आलं की आपले आपण आवरतं. म्हणजे आवरणं ही सत्तेची खूण आहे, घाबरल्याची नाही. कवच बंद आहे की उघडं, हा प्रश्नच नाही. ते कुणाच्या इच्छेने उघडतं आणि कुणाच्या इच्छेने मिटतं, हा प्रश्न आहे. बाहेरच्या आवाजाने मिटलं तर ती भीती, बाहेरच्या आमिषाने उघडलं तर तो लोभ. आपल्या हाताने दोन्ही झालं तर माउलींच्या अर्थाने तो योगी.

त्या पन्नास-साठ माणसांचे हात का शिवशिवत होते? दयेनेच, यात शंका नाही. पण त्या दयेत थोडं असंही होतं की हे बघणं मला सहन होत नाही, ते थांबवा. पिल्लाला वेदना होत होत्या की नाही कुणास ठाऊक, पण आपल्याला होत होत्या, आणि पिल्लू उचललं असतं तर आपल्या थांबल्या असत्या. इंद्रियांचा विषय म्हटलं की आपल्याला जिलेबी आठवते. मदत करण्याचं सुख हाही विषयच आहे. आणि तो पुण्याच्या वेषात येत असल्यामुळे ओळखायला फार कठीण.

याचा अर्थ हात कायमचा खिशात ठेवायचा, असा नाही. मासेमारीच्या तुटक्या जाळ्यात अडकलेलं कासव किनाऱ्याला लागलं तर तिथे चिंतन करत बसायचं नसतं. वन विभागाला कळवायचं, सावली करायची, गर्दी हटवायची, आणि सांगतील तसे हात चालवायचे. एकदा असं मोठं कासव आलं होतं, एका वल्ह्यात नायलॉन रुतून मांस दिसत होतं. काकांनी जाळं कापताना ज्या वेगाने हात चालवले तो वेगही मी पाहिलाय. माउलींच्या कासवाने अवयव पसरले होते म्हणा ना.

हे मला कुठे उपयोगी पडलं ते सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आज-उद्या हेच असणार आहे. माझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. उजवा हात अजून पूर्ण आलेला नाही. फिजिओथेरपिस्टने सांगितलं की शर्टाची बटणं त्यांची त्यांना लावू द्या, कितीही वेळ लागो. पाच बटणांना अकरा मिनिटं लागतात. मी मोजलीत. तिसऱ्या बटणाला बोटं घसरतात, ते माझ्याकडे बघतात, मी समोर बसलेला असतो. आई स्वयंपाकघरात निघून जाते, तिला बघवत नाही. तिचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. पन्नास वर्षांच्या संसारात ज्याला हातात सगळं दिलं त्याला असं झगडताना बघणं हे तिच्यासाठी वेगळंच तप आहे. मी मात्र बसून राहतो, आणि माझे हात मांडीखाली असतात, अक्षरशः. त्याआधी पहाटे उठून मी एवढंच केलेलं असतं की शर्ट मोठ्या बटणांचा काढून ठेवायचा, खुर्ची उजेडात ओढायची, पंखा बंद करायचा. खड्डे बुजवायचे.

आता थोडं कूर्मदृष्टीबद्दल, कारण कासव म्हटलं की संतांची ही दुसरी उपमा आठवल्याशिवाय राहत नाही. कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, पंखाखाली घेत नाही, ती नुसत्या नजरेने त्यांना वाढवते, आणि तशीच सद्गुरूची नजर शिष्याला पोसते, असं संतांच्या बोलण्यात वारंवार येतं. आता आपण किनाऱ्यावर बघतो ते असं की कासवी पिल्लांना आयुष्यात कधी बघतच नाही. ती अंडी घालून निघून जाते, ती बाहेर येतात तेव्हा ती कुठल्या कुठे गेलेली असते. मग संतांचं चुकलं का? मला या प्रश्नात दोन्ही बाजूंची घाई आवडत नाही. एक बाजू म्हणते, बघा, उपमा खोटी. दुसरी बाजू म्हणते, नाही नाही, यात काहीतरी गूढ विज्ञान आहे, आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं. अहो, ते प्राणिशास्त्राचं पुस्तक लिहीतच नव्हते. ते पिल्लाच्या बाजूने बोलत होते. वाळूतून वर आलो, आई दिसत नाही, तरीही पाय अचूक पाण्याकडेच वळतात, हे कुणी शिकवलं? ज्याला आई दिसत नाही त्या पिल्लाने म्हणावं की तिची नजर माझ्यावर आहे, हीच तर श्रद्धा.

नजर ठेवायचे आपलेही प्रयत्न चालू असतात. २०२२ च्या जानेवारीत वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र बसवून तिला सोडलं, नाव ठेवलं प्रथमा. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली बागेश्री तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. यंत्रं काही महिने बोलतात, मग गप्प होतात, आणि कासव पुढे जातच राहतं. उलटा अनुभवही आहे. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर वल्ह्याला बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडली. मधली जवळपास चार वर्षं ती कुणाच्याच नजरेत नव्हती. म्हणजे माणसाच्या नजरेत.

गावखडीहून परतताना मी पावसला थांबतो. स्वामी स्वरूपानंदांनी ज्ञानेश्वरी तुमच्या-माझ्यासारख्यांना कळेल अशा मराठीत अभंगांत आणली, ती इथेच. १९३४ च्या मोठ्या आजारपणानंतर १९७४ पर्यंत, चाळीस वर्षं, त्यांचं वास्तव्य पावसलाच देसायांच्या घरात होतं. मठ उभारत फिरले नाहीत, व्याख्यानं देत हिंडले नाहीत. लोक येत, समोर बसत, आणि काहीतरी घेऊन जात. आवरलेलं कासव बघायचं असेल तर पावसला जावं, आणि न आवरता येणारं बघायचं असेल तर तिथून थोडं पुढे गावखडीला. एका दिवसात दोन्ही होतं. किनाऱ्यावर जाणार असाल तर कासवमित्र सांगतील तिथे उभे राहा, फ्लॅश बंद ठेवा, आणि आदल्या संध्याकाळी वाळूत फिरलात तर परत येताना आपल्या पावलांचे खड्डे बुजवत या.

उद्या ५९वा श्लोक. विषय दूर केले तरी त्यांची गोडी आत शिल्लक राहते, तिचं काय करायचं, असा तो अवघड श्लोक आहे. रात्री एकदा वाचून ठेवा.

राम कृष्ण हरि.